कुरोड्या उचलून नेणारी वावटळ

सांगतो ते तुम्ही मानणार नाही. हिवरखेडात अजून एकानंही मानलेलं नाही, आणि मी काही कमी लोकांना सांगितलेलं नाही.

मे महिन्याची भरदुपार. माझी भाची रागिणी हिचं लग्न चार दिवसांवर. तिच्या रुखवतात मांडायला माझ्या बायकोनं, लीलाबाईनं, गहू भिजवून चीक काढला, पहाटे उठून तो शिजवला आणि गच्चीवर जुन्या पातळावर कुरोड्या घातल्या. तिसरं ऊन खात होत्या. मला राखणीला बसवून ती बांगड्या भरायला गेली. आली तो अर्ध्या कुरोड्या गायब.

"अवो, गेल्या कुठं? आता रुखवतात काय तुमचं डोस्कं मांडू?"

"वावटळ आली," मी म्हणालो. "डोळ्यादेखत उचलून नेल्या."

अकोल्याला कॉलेजात शिकणारी नात प्राजक्ता सुट्टीला आली होती. तिनं माझी बाजू घेतली.

"येऊ शकते, आजी. बाजूचं वावर उघडं, काळं. ऊन पिऊन भट्टीसारखं तापते. त्याच्यावरची हवा हलकी होऊन वर सुटते, तिच्या जागी चहूकडून हवा धावते अन् गरगरत आत येते. फुगडीत दोघी जवळ आल्या का गिरकी वाढते ना, तसं. ढग नको, पाऊस नको."

कॉलेजचा शिक्का बसल्यावर मी कशाला थांबतो?

"ऐकलं? ताडाएवढी उंच होती! वर सूर्य जवळ, तिथं हवा अशी कढत का कुरोड्या टपाटप फुलल्या. पांढऱ्याशुभ्र होऊन खाली आल्या. फुललेल्या रुखवतात कशा ठेवायच्या? म्हणून मी अन् शेजारच्या महादेवरावनं खाऊन घेतल्या. वाया कावून घालवायच्या?"

प्राजक्तानं कपाळाला हात लावला. "आबाजी, वर गेलेली हवा पसरते अन् थंड होते. किलोमीटरभर चढली तर दहा अंश उतरते. वर कुरोडी फुलत नाही, गारठते."

"तुया पुस्तकातली वावटळ पुण्याची असंन. आपली वऱ्हाडातली आहे."

लीलाबाई तोवर माझ्या मिशांकडे बघत होती. जवळ आली, पदरानं त्या पुसल्या, आणि पदर नातीच्या नाकाशी धरला.

"अन् हे तेल? तेही वावटळीनंच आणलं का? पोरीच्या रुखवताच्या कुरोड्या तळून खाल्ल्या अन् वरतून खोटं बोलून राहिले तुमी!"