मसऊदाची विहीर आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी प्रतिकृती आहे. काचेची पेटी, तिच्यात वाळू, चिकणमाती आणि मधून गेलेली छिद्रांची नळी, एवढाच माझा संसार. पण ऐट म्हणाल तर अख्ख्या गावाची! अल्जेरियातल्या तिमिमूनजवळच्या आमच्या खेड्याला वाळवंटाखालून पाणी आणणारा भुयारी पाट आहे ना, त्याची मी नक्कल. हुबेहूब नव्हे, कामापुरती.

माझा जन्म भांडणातून झाला. एका वर्षी पाटाचे पाणी घटले. त्याच वर्षी मसऊदा या विधवेने आपल्या बागेत विहीर खणली. मग काय, सगळ्यांनी तिच्यावरच खापर फोडले. शुक्रवारच्या नमाजानंतर विहीर बुजवायची ठरली. विहिरीबरोबर तिची खजुराची झाडेही जाणार होती.

तिची भाची हौरिया पाण्याचा अभ्यास करते. तिने मला घाईघाईने घडवले आणि थेट गावाच्या बैठकीत आणून ठेवले.

"हा काय पोरखेळ मांडलायस?" पाण्याचे वाटे करणारे, हजला जाऊन आलेले हाज बूजेमा हसले.

"मग खेळा की, हाज! ही घ्या पिचकारी. नळीच्या टोकाशी वाळूत हा खड्डा आहे ना, ती मावशीची विहीर समजा आणि तिच्यातलं पाणी तुम्हीच उपसा."

हाजनी हात दुखेपर्यंत उपसले. वरून येणाऱ्या माझ्या नळीची धार जराही हलली नाही. मग हौरियाने वरच्या अंगाला नळीत चिमूटभर माती ढकलली. धार लगेच बारीक झाली.

हाजचे हसू मावळले. "म्हणजे भुयारात माती ढासळलीय म्हणतेस?"

"असेल. ही पेटी नेहमी खरंच सांगेल असं नाही. खाली उतरून बघा."

"अन् विहीर नेमकी त्याच वर्षी कशी गं?"

मसऊदा फणकारली, "माझी बाग पाटाच्या टोकाला. पाणी आधी माझंच तुटलं, म्हणून खणली! मला काय हौस होती?"

कशामुळे काय झाले, हे तिला कुणी विचारलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी माणसे भुयारात उतरली. वरच्या अंगाला खरोखरच माती ढासळली होती. ती उपसताच पाणी खळाळत आले आणि हाजनी ते आधी मसऊदाच्या बागेकडे वळवले. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

पुढे मात्र मी अडगळीत गेले. अंगावर रिकामी पोती, एक काच तडकलेली. परवा हौरियाच्या विद्यार्थिनींनी मला पुसून पुन्हा पाणी ओतले, तेव्हा जिवात जीव आला.

मित्रांनो, मला जपा, पण माझ्यावर डोळे मिटून विसंबू नका. एवढेच करा, कुणाची विहीर बुजवायला फावडे उचलाल, तेव्हा आधी ते माझ्या वाळूत चालवून पाहा.