एका नावाची सहा पुस्तकं

ग्रंथालयातल्या बाईंनी एका माणसाची चार माणसं केली होती. तीस वर्षांपूर्वी केली होती आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

सहा पुस्तकांवर लेखकाचं नाव एकच होतं. पण शिलाई मशीन दुरुस्त करणारा मधमाश्या कशाला पाळेल, आणि मधमाश्या पाळणारा प्रेमकविता कशाला लिहील, असा बाईंचा रोखठोक विचार. म्हणून त्या नावाची चार कार्डं झाली. शिलाई मशीन आणि घड्याळ दुरुस्तीवाला मिस्त्री, बुद्धिबळ आणि कोडीवाला खेळाडू, मधमाशीवाला आणि कवी. आपल्या हातून चुकीचं कार्ड कधी गेलं नाही, असं बाई स्वतःच सांगत, त्यामुळे दुसऱ्या कुणाला ते सांगायची वेळ येत नसे.

एके दिवशी मिस्त्रींची लेक आली. वडील ब्याऐंशी वर्षांचे. आपण पाच पुस्तकं लिहिली असं ते सांगत, आणि घरात होती दोनच, दुरुस्तीची. वय वाढलं की पुस्तकंही वाढतात, असं जावई जेवताना म्हणत. उचलली जीभ लावली टाळ्याला. लेकीने गेल्या वर्षी याच टेबलाशी येऊन विचारलं होतं आणि बाईंनी कार्ड बघून सांगितलं होतं, दोन.

"तेव्हापासून बाबा पुस्तकांचं नावच काढत नाहीत," लेक म्हणाली. "भांडले असते तर बरं वाटलं असतं. अजून एकदा बघाल का?"

बाईंनी त्या नावाची सगळी पुस्तकं काढली आणि वाचत बसल्या. शिलाई मशीनच्या पुस्तकात वाक्य होतं, 'घाई करू नये, घाईत बोट जातं.' बरोबरच आहे, सुईशी खेळ. घड्याळाच्या पुस्तकातही तेच. मधमाश्यांच्या पुस्तकातही एक वेळ चालेल. पण बुद्धिबळात वजीर हलवताना बोट कसं जाणार? आणि कोड्यांच्या पुस्तकात उत्तरांच्या आधी तेच वाक्य पुन्हा! चोर सापडला. बाईंना लाज वाटली, पण त्याहून जास्त आनंद झाला.

"तुमचे वडील खरंच बोलत होते," त्यांनी लेकीला सरळ सांगितलं. "मीच त्यांचे तुकडे केले."

त्या आनंदात त्यांनी कवितांचं पुस्तकही गठ्ठ्यात घातलं. त्यात बोटाचं वाक्य नव्हतं, पण कवितेत बोटाचं काय काम? मिस्त्री पाच म्हणाले होते, निघाली सहा, म्हणजे दुधात साखर.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः गठ्ठा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. मिस्त्री खिडकीशी खुर्चीत होते. एकेक पुस्तक हातात घेऊन ते कुठल्या पानावर छपाईची चूक आहे ते न उघडताच सांगत होते. तिसऱ्या पुस्तकाला जावयांचं वर्तमानपत्र खाली आलं. पाचव्याला त्यांनी ते घडी करून ठेवलं.

"चुकलं माझं, बाबा," जावई म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. राग त्यांच्याकडे फार दिवस टिकतच नसे.

मग सहावं पुस्तक हातात आलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"हे माझं नाही."

बाईंचा चेहरा पडला. नाव तर तेच होतं! मिस्त्री म्हणाले, नाव तेच, माणूस दुसरा. त्याची गाठ कधी पडली नाही, पण त्याचे उपकार फार आहेत. मिस्त्रींचं लग्न ठरत होतं त्याच वर्षी हे पुस्तक आलं, आणि मुलीच्या हाती पडलं. हाताला काम आहे आणि वर कवीही आहे, असं म्हणून ती हो म्हणाली. मिस्त्रींनी ताकास तूर लागू दिली नाही.

"आईला कधीच कळलं नाही?" लेकीने विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात कळलं. एखादी कविता म्हणा म्हणाली. मी मशीनला तेल कधी घालायचं ते सांगितलं." मिस्त्री हसायला लागले. "ती म्हणाली, असू दे, त्या कवीला कुठे मशीन दुरुस्त करता येतंय."

लेक हसली आणि हसता हसता तिने डोळे पुसले. आई जाऊन चार वर्षं झाली होती. तिची नवी गोष्ट आता कधी कानावर येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

बाई निघताना मिस्त्रींनी कवितांचं पुस्तक परत दिलं आणि म्हणाले, "याला माझ्या पुस्तकांजवळच ठेवा."

ग्रंथालयात येऊन बाईंनी तीन कार्डांचं एक कार्ड केलं. त्यावर पाच पुस्तकं लिहिली. कवीचं कार्ड होतं तसंच वेगळं ठेवलं. चारात एक तरी आपलं बरोबर निघालं, याचं समाधान त्यांनी करून घेतलं. आता राहिलं मिस्त्रींचं निघतानाचं मागणं. वाचकाला एका कार्डावरून दुसऱ्याकडे पाठवायचं तर 'हेही पाहा' असं लिहितात, पण त्या दोन लेखकांचा संबंध काय तेही नोंदवावं लागतं, असा नियम आहे. नियम बाईंनीच केला होता.

त्यांनी मिस्त्रींच्या कार्डावर 'हेही पाहा' लिहिलं, पुढे कवीचा क्रमांक घातला, आणि संबंधाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'यांच्यामुळे लग्न जमलं.'