राखीव चार

ऑफिसात त्याला सगळे टक्केराव म्हणत. जेवतानासुद्धा हा बाबा टक्क्यांतच बोलायचा. त्याच्या हद्दीत पुलाजवळचा एक मोबाइल टॉवर होता आणि त्या टॉवरनं तीन महिने त्याच्या नाकी नऊ आणले होते. तिथं नवा फोन लावायला जावं, तर लागायचाच नाही. महिन्याच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे लाल खूण ठरलेली.

टॉवरवर चॅनेल अठ्ठावीस, म्हणजे एका वेळी अठ्ठावीसच बोलणी. त्यातले चार राखीव, शेजारच्या टॉवरवरून बोलत बोलत येणाऱ्यांसाठी. गाडीतला माणूस पुलावर आला, की त्याचं बोलणं एका टॉवरनं सोडायचं आणि दुसऱ्यानं झेलायचं. झेलायला जागा नसेल, तर ते मध्येच तुटतं. हे त्याला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात ऑफिसातल्या सगळ्यांत जुन्या ताईंनी शिकवलं होतं. "नवा फोन नाही लागला तर माणूस कुरकुरतो," त्या म्हणाल्या होत्या, "पण चालू बोलणं तोडायचं नाही. तो कुणाला काय सांगत होता, आपल्याला काय माहीत?"

एका सोमवारी टक्केरावानं ते चार चॅनेल नव्या फोनांना देऊन टाकले. दोन मिनिटांचं काम. लाल खूण गेली, साहेबांनी पाठ थोपटली. पुलावर बोलणी तुटायला लागली, पण ऑफिसचा नियम असा, की तुटलेला फोन ज्या टॉवरवरून निघाला त्याच्या नावावर धरायचा. पलीकडचा तो टॉवर ताईंचा होता. हे त्याला बटण दाबण्याआधीच ठाऊक होतं, आणि लाजेची गोष्ट तीच.

बोलणी तुटायला लागली त्या पहिल्याच दिवशी ताईंनी विचारलं होतं, "तुझे चार जागेवर आहेत ना रे?"

"हो ताई."

त्या शब्दावर ताईंनी स्वतः बघितलंसुद्धा नाही. मग आपल्याच टॉवरवर त्यांनी जंग जंग पछाडलं. अँटेना तपासला, केबल बदलली, टॉवरवर चढणाऱ्या काकांना भर उन्हात दोनदा वर पाठवलं. खाली दोरी धरायला टक्केरावच. वर काका घामानं निथळतायत आणि हा शहाणा खालून म्हणतोय, "जपून, काका." स्वतःचा तो आवाज ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तोंड काही उघडलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी एक कागद त्याच्यापुढे धरला. "शुद्धलेखन बघ जरा." टॉवरचं काम माझ्याकडून काढून घ्यावं, असा अर्ज होता. "वय झालं रे. कुठंतरी मीच काहीतरी विसरतेय. जेवण झालं की साहेबांना देऊन येते."

त्यानं एक वेलांटी दुरुस्त केली. जागेवर गेला, चारही चॅनेल पुन्हा राखीव केले. उद्या आकडे सुधारतील, कुणाला कळायचंही नाही, असं त्यानं मनाला समजावलं. पण अर्ज आज जाणार होता. डबा तसाच उघडा टाकून तो उठला.

ताई पाण्याच्या पिंपापाशी पेला भरत होत्या.

"ताई, ते चार जागेवर नव्हते. मीच काढले होते. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

आता चांगली खरडपट्टी निघणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. त्यानं वर बघितलं, तर ताईंचा चेहरा सैल झाला होता, चक्क हसरा.

"म्हणजे मी काही विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, स्वतःशीच, "नव्हते विसरले."

त्या ओरडल्या असत्या तर त्यानं निमूट ऐकून घेतलं असतं. त्यांचा हा आनंद मात्र त्याला बघवेना.

ताईंनी अर्जाची घडी करून पर्समध्ये टाकली. "आता ठेवलेस परत?"

"हो ताई. मघाशीच."

"बघते," त्या म्हणाल्या, आणि पेला ठेवून त्याच्या कॉम्प्युटरकडे चालू लागल्या.