पुन्हा बारसं

हॉस्पिटलातून रामघाटावरच्या घरी येऊन मला बारा दिवस झाले होते, आणि माझ्या वडिलांनी, आप्पांनी, एकदाही मला नावानं हाक मारली नव्हती. "ऐकतेस का," म्हणायचे. नाहीतर भिंतीकडे बघून, "गोळी घेतली का?" मी पानात नुसतं मीठ वाढलं तरी ते पानावरून उठायचे.

माझ्या हृदयात आता कारखान्यात घडलेली झडप आहे. दुपारी गल्ली निजली की ती ऐकू येते. टिक, टिक, मनगटी घड्याळासारखी. भावाची बायको, शरदिनीवहिनी, म्हणायची, "वन्सं, लपाछपीत तुमच्यावरच राज्य येणार बघा आता." ती हसायची, मी हसायचे, टाके दुखायचे. आप्पा मात्र उठून घाट उतरायला लागायचे.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा घशात नळी होती, जीभ वाळून लाकूड झालेली, आदल्या रात्रीपासून पोटात थेंब नाही. तरी तोंडात गार पाणी आणि काळे तीळ यांची चव होती. बाराव्या दिवशी ती मी आप्पांना सांगितली.

त्यांच्या हातातली पळी खाली पडली.

"माझंच पाणी पोचलं तुला," ते म्हणाले.

आप्पा चाळीस वर्षं यात्रेकरूंची श्राद्धं चालवतायत. माझं ऑपरेशन नेमकं पितृपंधरवड्यात आलं. डॉक्टरांनी समजावलं होतं, दीड तास हृदय थांबवू, तोवर रक्त यंत्र फिरवील. त्या वेळी आप्पा कमरेइतक्या गंगेत उभे राहून घरच्या गेलेल्यांना तिळाचं पाणी देत होते. एकेक नाव, तीन तीन ओंजळी. आईचं नाव झालं आणि पुढं जिभेवर माझं आलं.

"थांबलंय, थांबलंय, एवढंच डोक्यात होतं गं. हात सवयीनं चालले. तिसरी ओंजळ सुटल्यावर कळलं. तेव्हापासून तू वाढतेस ते जेववत नाही. वाटतं, वाढणारं कोण..."

मी छातीवर हात ठेवला. टिक, टिक. आत कुणी नसतं तरी ती अशीच वाजली असती का?

"मग मी कोण, आप्पा?"

"तोड आहे. जित्या माणसाला पाणी दिलं गेलं, तर त्याला पुन्हा जन्माला घालायचं. तुपाच्या रांजणात बसवून, न्हाऊ घालून..."

"अजिबात नाही!" वहिनी आतून आली. "जखम भिजवू नका म्हणून डॉक्टरांनी लाल शाईत लिहिलंय. आणि जन्माला घातलंय की त्यांनी! छाती उघडली, दुरुस्त केली, शिवून परत दिली. तुमच्याकडे राहिलं ते बारसं. घरी आल्याला आज बारावाच दिवस आहे."

आप्पांनी पडलेली पळी उचलली. मग म्हणाले, "बरं. नाव तेवढं ठेवू."

खिडकीपाशी उन्हात मला पाटावर बसवलं. वहिनी गुणगुणू लागली,

"पहिली माझी ओवी गं, टाके घालत्या हाताला,
दुसरी माझी ओवी गं, लोखंडाच्या श्वासाला..."

आप्पा माझ्या कानाशी वाकले. "मालविका."

मी तोंड उघडण्याआधी खालून, पाण्यालगतच्या पायरीवरून, कुणीतरी ओ दिली. माझ्याच आवाजात.

वहिनीची ओवी तुटली. मी खिडकीतून पाहिलं. पायऱ्यांवर ऊन होतं, दोरानं बांधलेली नाव होती. माणूस नव्हतं.

"ते नाव मी तिकडं देऊन बसलोय," आप्पा हळूच म्हणाले. "दिलेलं परत मागता येत नाही." मग माझ्याकडे पाहिलं, बारा दिवसांत पहिल्यांदा, सरळ. "तुझं हृदय थांबलं होतं तेव्हा तुला कुणी धरून ठेवलं?"

"यंत्रावर एक बंगाली मुलगी होती. दुसऱ्या दिवशी मला बघायला आली. म्हणाली, 'दीदी, चौरानबे मिनट आपको मैंने चलाया. आँख तक नहीं हटाई.' नळीमुळे मला बोलता येईना. तिचा हात नुसता धरून ठेवला. आभारसुद्धा मानायचे राहिले, आप्पा."

"नाव काय तिचं?"

"बकुळ."

आप्पा पुन्हा वाकले. त्यांचा श्वास कानाला गरम लागला. "बकुळ," ते म्हणाले.

खाली पाणी हललं. मी पटकन ओ दिली, दुसऱ्या कुणी द्यायच्या आत.