खाटेखालची बाटली

मित्रांनो, मी काचेची एक जुनी, रुंद पोटाची बाटली आहे. तळेगावच्या काचकारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासोबत भट्टीतून निघालेल्या बहिणी मुरंब्यासाठी आणि गुलाबपाण्यासाठी दुकानांत गेल्या. मला मात्र सोमाटण्याच्या वाटेवरच्या एका लहान दवाखान्याने नेले. तिथे शस्त्रक्रिया झालेल्या रोग्याच्या खाटेखाली मला ठेवत. त्याच्या पोटातून निघालेल्या रबरी नळीवाटे लघवी माझ्यात साचे. माझ्याकडे सहसा कोणी बघत नसे. येणारेजाणारे मान वळवत आणि घरचे लोक माझ्यावर फडके टाकत.

दुसरे महायुद्ध सुरू होण्याआधीच्या एका हिवाळ्यात औंढ्याचे शेतकरी रखमाजी दवाखान्यात आले. त्यांच्या मूत्राशयात खडा होता. लघवीला बसले की डोळ्यांत पाणी येई. तरी त्यांनी ते वर्षानुवर्षे लपवले. गावात त्यांनी पोटात गोळा असल्याचे सांगितले होते.

शस्त्रक्रियेच्या आदल्या सकाळी डॉक्टर चिंतामणराव खाटेपाशी उभे राहिले. आजूबाजूचे रोगी कान देऊन ऐकत होते. पायथ्याशी रखमाजींची बायको शालूबाई बसली होती.

"उद्या सकाळी काही खायचं नाही," डॉक्टर भराभर म्हणाले. "खडा काढल्यावर पोटातून नळी राहील, आठवडाभर तरी. लघवी लाल येईल, त्याला भ्यायचं नाही. पुढे पाणी भरपूर प्या. नळीला हात लावू नका. काही विचारायचंय?"

रखमाजी भिंतीकडे बघत होते. "न्हाई," ते म्हणाले. बायकोसमोर, परक्या माणसांसमोर लघवीचे बोलणे चालले होते. त्या लाजेत त्यांच्या कानावर काहीच पडले नव्हते.

खडा नीट निघाला. शुद्धीवर आल्यावर त्यांनी खाली वाकून मला पाहिले. मी लाल दिसत होते. आपण आता वाचत नाही, असे त्यांना वाटले. पण विचारणार कोणाला? माझ्यात कमी साचावे म्हणून त्यांनी पाणी पिणेच सोडले. शालूबाई पेला पुढे करी आणि ते तो परत सारत.

दोन दिवसांनी इंदुरीचे हौशीराम भेटायला आले. रखमाजींच्या मुलीची सोयरीक त्यांच्या घरी जमली होती. व्याही फाटकात दिसताच रखमाजींनी पांघरुणाखाली हात घातला आणि नळी उपसून काढली. मला त्यांनी पायाने खाटेखाली लांब ढकलले.

हौशीराम स्टुलावर बसून भाताच्या झोडणीचे बोलू लागले. रखमाजी दात आवळून हसत होते. हळूहळू पट्टी भिजली, मग चादर, मग लघवी जमिनीवर ठिबकू लागली. हौशीरामांनी ते पाहिले आणि नजर खिडकीकडे वळवली. रखमाजींनी तोंडावर पांघरूण ओढून घेतले.

संध्याकाळपर्यंत त्यांना हुडहुडी भरली. लघवी आतल्या आत पसरली होती. डॉक्टरांना जखम पुन्हा उघडून नळी बसवावी लागली. ताप उतरेपर्यंत शालूबाई खाटेपासून हलली नाही.

"मी सांगितलं होतं ना, नळीला हात लावू नका म्हणून?" डॉक्टरांनी नंतर विचारले.

रखमाजींनी तोंड भिंतीकडे वळवले. शालूबाई म्हणाली, "लाज वाटली त्यास्नी. मलाबी वाटत व्हती. धोतराला रगत दिसायचं. बाया बघतील म्हून मी ऊन उतरल्यावर वढ्याला धुवाया जायची. पर कदी इचारलं न्हाई."

"तुला ठावं व्हतं?" रखमाजींनी विचारले.

"व्हय."

त्यांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी स्टूल जवळ ओढले आणि आवाज उतरवला. "चूक माझीही झाली. चारचौघांत विचारलं मी. आता सांगा, मनात काय आहे?"

रखमाजी पुटपुटले, "नळी निगाल्यावर मला पैल्यावानी लघवीला जाता येईल का? का असंच गळत ऱ्हानार?"

"जाता येईल. पण जखम आता उशिरा भरेल."

खरोखरच फार उशीर लागला. मुलीचे लग्न लागले तेव्हा रखमाजी मांडवात नव्हते. त्यांची खाट अजून दवाखान्यातच होती.

तेव्हापासून डॉक्टर शस्त्रक्रियेआधी रोग्याला आपल्या खोलीत बोलावत. दार लावून घेत, मला टेबलावर ठेवत आणि म्हणत, "ही तुमच्या खाटेखाली असेल. आता मी काय सांगितलं, ते तुम्ही मला सांगा." मग तो काय औषधे घेतो, पूर्वी कधी रक्त गेले का, सोबत कोण राहणार, हेही विचारत.

आता माझा काठ टवकला आहे आणि मी माळ्यावर धूळ खात पडले आहे. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या घरातल्या कोणावर अशी वेळ आली, तर त्यांना गप्प राहू देऊ नका. डॉक्टरांच्या त्या खोलीत बहुतेक जण माझ्यावरून नजर काढून घेत. पण एखादा मला हातात घेई, खिडकीच्या उजेडात धरी आणि हळूच विचारी, "डाक्टर, लघवी लाल किती दिस येनार?"