पुठ्ठ्याची खालची पट्टी

मावशीने पत्र्याचा डबा प्रकाशकाच्या टेबलावर असा आदळला की त्याच्या कपातला चहा बशीत आला.

"हे कोणी कापलं?"

डब्यात सहाशे पुठ्ठे होते. नव्या शर्टाची घडी ताठ बसावी म्हणून आत घालतात ना, तेच. मावशी बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात घडीखात्यात आहे. डाग पडलेले, कोपरे मुडपलेले पुठ्ठे टाकून देणं तिला पटायचं नाही. ती ते पिशवीत घालून घरी आणायची. एका पुठ्ठ्यावर एक इंग्रजी शब्द, तोही रोजच्या वापरातला. त्याखाली त्याचे हिंदीतले अर्थ, कारण पाळी सुटल्यावर जेवणाच्या खोलीत ती जो वर्ग घ्यायची, त्यात चार मुलखांची माणसं, आणि सगळ्यांना मिळून कळेल अशी तेवढी एकच भाषा.

तिचा एक दंडक होता. शब्दकोशातून अर्थ उतरवायचा नाही. कोणाला तरी ठेच लागली, तरच तो अर्थ पुठ्ठ्यावर चढायचा. आणि ठेच कशी लागली ते खालच्या पट्टीत त्या माणसाने स्वतःच्या हाताने लिहायचं. अक्षर कसंही असो.

'फाइन'च्या पुठ्ठ्यावर 'बढ़िया' होतं, 'बारीक' होतं, आणि तिसरा अर्थ 'जुर्माना'. त्याखाली इस्त्रीवाल्या काकांचं तिरकं अक्षर: 'फळ्यावर माझ्या नावापुढे फाइन लिहिलं होतं. मी साहेबांना थँक्यू म्हणून आलो.' 'हँड'खाली 'हाथ', 'घड़ी की सुई' आणि 'मज़दूर'. त्याची पट्टी धागे कापणाऱ्या एका बाईची: 'फाटकावर हँड्स पाहिजेत अशी पाटी होती. मला वाटलं, बाकीचं अंग बाहेरच ठेवून या म्हणतील.'

पुठ्ठे लावताना मावशी गुणगुणायची. ओवी तिचीच:

शब्द परक्या देशीचा, त्याला दारं गं सतरा
ज्याची ठेच त्याने सांगावी, मागच्याला गं उतारा

आणि आता प्रकाशकाकडून परत आलेल्या सहाशेच्या सहाशे पुठ्ठ्यांची खालची पट्टी कापलेली होती. सुरीने, सरळ रेषेत. शब्द होते, अर्थ होते, माणसं गेली होती.

"बसा तर खरं, ताई," प्रकाशक म्हणाला. "पुठ्ठे लांब होते हो. स्कॅनरमध्ये बसेनात. पोरांनी कटिंगला दिले."

"नेताना काय म्हणाला होतात? लेकरासारखे जपू."

"जपलेच की! एक अर्थ गहाळ नाही. हे पाहा." त्याने छापलेले नमुन्याचे कागद पुढे सरकवले. दोन रकाने, सुबक टाइप, वर मावशीचं नाव. मी वाकून पाहिलं. शब्द, अर्थ, शब्द, अर्थ. रेशनच्या रांगेसारखे उभे, एकमेकांची ओळख नसलेले.

"खालचं कुठाय?"

"ताई, पुस्तक परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी आहे. त्यांना अर्थ हवा. कारखान्यातल्या बायाबापड्यांच्या कहाण्या घेऊन ती काय करतील?"

"काय करतील?" मावशीचा आवाज खाली गेला. तिचा आवाज चढला तर घाबरायचं कारण नसतं. खाली गेला की मी डबा उचलून तयार राहते. "अर्थ तर बाजारात शेरावर मिळतात. मग माझ्या दारात कशाला आला होतात?"

"तुमचा संग्रह वेगळा आहे म्हणून."

"वेगळं होतं तेच कापलंत की!"

प्रकाशकाने उसासा टाकला. ड्रॉवरमधून संमतीचा कागद काढून पेनाचं टोपण उघडून ठेवलं. "यंत्र थांबलंय. एक सही करा, महिन्यात पुस्तक हातात. कारखान्यातून ग्रंथकार झालेली बाई, काय थोडी गोष्ट आहे? लोक नाव काढतील."

मी मावशीकडे पाहिलं. तिला हे पुस्तक हवं होतं, हे मला ठाऊक होतं. पुठ्ठे दिले त्या दिवशी तिने आरशासमोर उभं राहून स्वतःचं पूर्ण नाव तीनदा म्हटलं होतं. माझी चाहूल लागली तशी म्हणाली, "दात दुखतोय गं." सही केली तर ते नाव छापून येणार होतं. नाही केली, तर हातात फक्त कापलेले पुठ्ठे.

तिने पेन उचललं.

तोवर दाराशी उभी असलेली काजवाली पुढे आली. शर्टाला काजं करण्याच्या यंत्रावर ती बसते, मावशीच्या पहिल्या वर्गापासूनची. तिने डब्यात हात घातला आणि न चाचपडता एक पुठ्ठा काढला. 'डिस्चार्ज'. 'छुट्टी', 'बरख़ास्तगी', 'मवाद'.

"यातला तिसरा अर्थ माझा," ती म्हणाली.

"बरं," प्रकाशक म्हणाला. "तो छापलाय ना?"

"सुई बोटातून गेली होती, साहेब. दवाखान्यात फॉर्म दिला. त्यात विचारलं होतं, डिस्चार्ज आहे का? मला तोवर त्याचा अर्थ छुट्टी एवढाच माहीत. अजून कुठे घरी सोडलंय, म्हणून मी नाहीवर खूण केली. बँडेज सोडून कोणी बघितलंच नाही. आत पू." तिने उजवा हात टेबलावर ठेवला. पहिल्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. "हे मी याच हाताने पट्टीत लिहिलं होतं. पेन बोटात धरता येत नव्हतं, मुठीत धरून लिहिलं."



"वाईट झालं," प्रकाशक म्हणाला. "पण—"

"पेर कापायच्या आधी डॉक्टरांनी माझी सही घेतली होती, साहेब. तुम्ही आधी कापलंत. सही मागाहून मागताय."

मावशीने पेनाला टोपण लावलं. हळूच नाही, खट्ट आवाज झाला. मग नमुन्याच्या कागदावरच्या आपल्या नावावर नखाने आडवी रेघ ओढली, कागद फाटेस्तोवर.

"पट्ट्या कुठे आहेत?"

"रद्दीत गेल्या. आता लगदा झाला असेल. ताई, असं काय करता? पुढच्या आवृत्तीत बारीक टायपात घालू."

"आधी पट्ट्या आणा. मग टाइप बोलू."

डबा घेऊन आम्ही जिना उतरलो. खाली आल्यावर काजवाली म्हणाली, "बाई, माझ्यापायी तुमचं नाव गेलं."

"गप गं," मावशी खेकसली. "तुझ्यापायी राहिलं."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या खोलीत तिने सगळे पुठ्ठे मांडले. नव्या पट्ट्या कापून आणल्या होत्या, वाटीत खळ होती. ज्याची ठेच त्याने येऊन लिहायचं. इस्त्रीवाले काका कुरकुरले, "परत माझं हसं करणार का?" आणि लिहायला बसले. काजवालीने मुठीत पेन धरलं. तीन दिवसांत दोनशेवर पुठ्ठे पुन्हा बोलते झाले.

बाकीच्यांची माणसं आता इथे नव्हती. कोणी काम सोडून गेलं, कोणाचा पत्ता नाही, धागे कापणारी ती बाई तर या जगातच नाही. 'हँड'चा पुठ्ठा हातात घेऊन मी म्हटलं, "मावशी, तुला तर शब्दन्‌शब्द पाठ आहे. तूच लिही ना."

"ठेच तिची. अक्षर माझं कसं चालेल?"

"मग हे असंच ठेवायचं?"

"असंच."

तिने त्यालाही पट्टी चिकटवली. कोरी. अशा कोऱ्या पट्ट्यांचे सगळे पुठ्ठे तिने डब्यात वर ठेवले, लिहिलेले खाली. झाकण उघडलं की आधी तेच दिसावेत. आपला राग शिळा होऊ नये, याची तिने तेवढी सोय केली होती.