न उकळायचं पाणी

टेकडीखालच्या कोरड्या खडकातून झरा फुटला आणि अख्खं मेस्किताल खोरं बादल्या घेऊन लोटलं. खडकापाशी सेफेरिनोबाबा मेणबत्ती लावून बसलेला. परवापर्यंत शेळ्या राखायचा, आता रोग बरे करत होता.

"ग्वादालुपे माऊलीचे अश्रू आहेत हे! गुरुवारी ती ढसाढसा रडेल, मोठे हंडे आणा. आणि खबरदार, उकळाल तर गुण जळेल!"

दर गुरुवारी झरा खरंच दुप्पट व्हायचा.

माझी नात इत्सेल, दोन वर्षांची. तीन आठवडे जुलाब. सून रेफुहिओ तिला चमच्यानं तेच पाजत होती.

"अगं, उकळ तरी."

"आई, राजधानीच्या संडासाच्या पाण्यावर तुम्ही मका पिकवता, आणि माऊलीच्या पाण्याला नाक मुरडता?"

 कालव्यानं येणाऱ्या त्या काळ्या पाण्यावर आमचा मका दोन पुरुष उंच होतो. त्याला कुणी नावं ठेवलेली मलाच खपत नाहीत.

दवाखान्यातली नर्स ओबदुलिया माझ्या नवऱ्याकडे आली. तो कालव्याचा पाटकरी, शेतांना पाळीनं पाणी सोडणारा.

"बेनिग्नोदादा, टेकडीवरच्या शेताची पाळी कधी?"

"मंगळवारी."

"शेत कुणाचं?"

"सेफेरिनोच्या मेव्हण्याचं..." तो थांबला.

पुढच्या मंगळवारी त्यानं त्या शेताकडचं कालव्याचं दार उघडलंच नाही. गुरुवारी हंड्यांची रांग, आणि झरा करंगळीएवढा.

"कुणाच्या तरी मनात शंका आहे!" बाबा गरजला.

"माझ्या," ओबदुलिया म्हणाली. तिनं बाटली भरून खळखळ हलवली. वर पांढरा फेस. "माऊली साबण लावून रडते काय? कालव्याचंच पाणी आहे हे. मातीतून झिरपलं, म्हणून नितळ दिसतं. जंतू आतच आहेत."

बाबा मेणबत्ती उचलून चालता झाला. कुणी हसलं नाही.

"मग भरायचं कुठून, पोरी?" एका म्हातारीनं विचारलं. "नळ महिन्यातून दोनदा येतो."

 रांग पुढं सरकली. त्याच झऱ्यावर हंडे भरले.

घरी रेफुहिओनं चूल पेटवली. "उकळलं की सगळं जातं ना?"

"जंतू जातात," दारातून ओबदुलिया म्हणाली. "राजधानीच्या कारखान्यांचं विष नाही जात."

बायांनो, माऊली रडो न रडो, पाणी उकळा. आणि ते येतं कुठून, हे विचारायचं सोडू नका. याहून जास्त मला तरी सुचत नाही.

इत्सेलनं पेला पुढं केला. मी उकळलेलं पाणी फुंकर घालून गार केलं, आणि दिलं.